गुलाबाची जनुकीय ओळख आणि आपली औषधे

गुलाबपुष्प हे वैद्यांच्या नित्य व्यवहारातील द्रव्य होय. पित्तप्रधान विकारांत आपण गुलकंद देतो, प्रवाळ पिष्टी व मुक्ता पिष्टी सिद्ध करताना गुलाबजलाची भावना देतो, नेत्रोपचारात व लेपनात गुलाबजल वापरतो. असे असूनही औषधी निर्माणशाळेत गुलाबाच्या पाकळ्यांचे पोते येते तेव्हा त्या पाकळ्या कोणत्या गुलाबाच्या आहेत, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. रंग गुलाबी आहे, वास बरा आहे आणि भाव परवडतो, एवढ्यावर खरेदी होते.

दुसरीकडे सुगंध उद्योगाने याच प्रश्नाचा गेल्या पंचवीस वर्षांत फार खोलवर अभ्यास केला आहे. गुलाबतेलासाठी अधिक चांगली वाणे निर्माण करावयाची, तर प्रथम हाती असलेले झुडूप नेमके कोणते हे कळले पाहिजे, म्हणून त्यांनी जनुकीय चिन्हकांचा, म्हणजेच जेनेटिक मार्करचा आधार घेतला. हे तंत्र काय आहे, त्याने काय सिद्ध झाले, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि वैद्यांनी व औषधी निर्मात्यांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्याला एक निकडीचे कारणही आहे. नालवाडी, पवनार, सेवाग्राम या आमच्या परिसरात कापूस व सोयाबीनला पर्याय शोधणारे शेतकरी अलीकडे चिकित्सालयात येऊन ‘तेलाचा गुलाब लावावा का?’ असे विचारू लागले आहेत. वैद्याच्या शब्दावर विश्वास ठेवून कोणी जमीन गुंतवणार असेल, तर त्या शब्दाला आधार असला पाहिजे.

शतपत्री म्हणजे कोणता गुलाब?

भावप्रकाशाच्या पुष्पवर्गात शतपत्री, तरुणी, कर्णिका, चारुकेशरा इत्यादी पर्यायनामांनी या पुष्पाचे वर्णन आले आहे. शीत, हृद्य, लघु, वर्ण्य, त्रिदोष व रक्तदोष यांना जिंकणारी, असे तिचे गुण सांगितले आहेत. आधुनिक द्रव्यगुणाच्या पुस्तकांत शतपत्रीचे लॅटिन नाव बहुधा ‘रोझा सेंटीफोलिया’ असे दिलेले असते. ‘सेंटीफोलिया’ या शब्दाचा अर्थही शंभर पाकळ्यांची असाच असल्यामुळे हे समीकरण सहज पटते. प्रत्यक्षात मात्र उत्तर प्रदेशातील हसायन, अलीगढ व कन्नौज, तसेच राजस्थानातील पुष्कर व हळदीघाटी या भागांत अत्तर व गुलाबजलासाठी जो गुलाब मोठ्या प्रमाणावर लावतात, तो मुख्यतः ‘रोझा डॅमसेना’, म्हणजे दमिश्की गुलाब होय. त्याखेरीज बाजारात ‘देशी गुलाब’ किंवा ‘गावठी गुलाब’ या नावाने एडवर्ड गुलाब व इतर संकरित गुलाब येतात. शोभेच्या फुलांच्या व्यवसायातील उरलेल्या पाकळ्याही त्यात मिसळलेल्या असू शकतात. अशा फुलांना गंध अल्प असतो आणि कीटकनाशकांचा अंश राहण्याची भीती असते.

नाव एक, द्रव्ये अनेक, ही स्थिती आयुर्वेदाला नवी नाही. रास्ना, शंखपुष्पी, पाषाणभेद यांच्या बाबतीत आपण तिचा अनुभव घेतलाच आहे. गुलाबाच्या बाबतीत तिची चर्चा झाली नाही, एवढेच.

तेलाचे गणित आणि विदर्भातील रोशा

दमिश्की गुलाबाच्या ताज्या फुलांत तेलाचे प्रमाण साधारणतः ०.०३ ते ०.०४ टक्के एवढेच असते. म्हणजे एक किलो तेलासाठी अडीच ते साडेतीन हजार किलो फुले लागतात. हे प्रमाण ०.०३ वरून ०.०४ टक्क्यांवर नेता आले, तर फुलांची गरज सुमारे ३,३०० किलोवरून २,५०० किलोपर्यंत खाली येते. उद्योगाला नवीन वाणाची ओढ का आहे, हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते.

इतके महाग द्रव्य म्हटले की भेसळ ओघाने आलीच. या भेसळीचा इतिहास आपल्या प्रदेशाशी जोडलेला आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. खानदेश, वऱ्हाड, मेळघाट व लगतच्या मध्य प्रदेशातील डोंगरउतारांवर रोशा किंवा तिखाडी नावाचे सुगंधी गवत वाढते. आपल्या ग्रंथांतील रोहिष अथवा कत्तृण ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चरकसंहितेतील स्तन्यजनन महाकषायात कत्तृणाचा समावेश आहे. या गवताच्या तेलात जिरॅनिऑल नामक घटक विपुल असतो आणि गुलाबतेलातही तो एक प्रमुख घटक आहे. एकोणिसाव्या शतकात हे रोशा तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्की साम्राज्यात जात असे. तेथे लिंबाच्या रसाने व उन्हाने त्याचा उग्रपणा कमी करून ते गुलाबतेलात मिसळत. ऊर्ध्वपातनापूर्वी फुलांवरच ते शिंपडण्याची युक्तीही बल्गेरियातील गुलाबखोऱ्यात प्रचलित होती. त्या काळच्या औषधिशास्त्रीय ग्रंथांत याची नोंद आहे.

रोशातही ओळखीचा प्रश्न आहेच. त्याचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार असून दिसण्यात ते फारसे वेगळे नाहीत. मोतियाचे तेल जिरॅनिऑलने समृद्ध व गुलाबगंधी असते, तर सोफियाचे तेल घटकांनी व गंधाने निराळे आणि बाजारात कमी मोलाचे असते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेतील, म्हणजे ‘सिमॅप’मधील संशोधकांनी इ. स. २००५ मध्ये या गवतकुळातील जातींचे परस्परसंबंध तेलातील घटक व जनुकीय चिन्हके यांच्या एकत्रित आधारे मांडले. डोळा आणि नाक जेथे थकतात तेथे तिसरे साधन कसे उपयोगी पडते, याचे हे उदाहरण आपल्या अंगणातील आहे.

जनुकीय चिन्हक म्हणजे काय?

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्याची रचना चार घटकांच्या दीर्घ मालिकेची आहे. या मालिकेत काही ठिकाणी दोन-तीन घटकांचा छोटा तुकडा सलग पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या झुडपात तो बारा वेळा येईल, तर दुसऱ्यात पंधरा वेळा. या आवृत्तींची संख्या पिढीजात असते. हवामान, खत वा ऋतू यांनी ती बदलत नाही. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. पानाचा छोटा तुकडा घेऊन त्यातील डीएनए वेगळा करतात, पीसीआर यंत्रात त्या जागेच्या असंख्य प्रती तयार करतात आणि त्यांची लांबी मोजतात. पीसीआर हा शब्द २०२० च्या महामारीनंतर आपल्या रुग्णांच्याही परिचयाचा झाला आहे. तत्त्व तेच, केवळ शोध निराळा. अशा दहा-बारा जागा तपासल्या की त्या झुडपाचे जणू ओळखपत्र तयार होते.

चिन्हकाचा दुसरा उपयोग गुणाचा अंदाज बांधण्यासाठी होतो. औषधी भांडारात एकाच रंगाच्या चूर्णांच्या बरण्या ओळीने ठेवलेल्या आहेत अशी कल्पना करावी. बरणीवरची चिठ्ठी म्हणजे औषध नव्हे. परंतु ती पक्की चिकटवलेली असेल, तर झाकण न उघडता आत काय आहे ते कळते. चिठ्ठी नुसतीच बरणीशेजारी ठेवलेली असेल, तर हलवाहलवीत ती सरकून दुसऱ्या बरणीजवळ जाण्याचा संभव असतो. जनुकीय चिन्हकाचेही तसेच आहे. ते इष्ट गुणाच्या जनुकाच्या अगदी निकट असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर जाते. दूर असेल, तर संकरात साथ सुटू शकते. सर्वांत उत्तम म्हणजे ज्या जनुकामुळे तो गुण येतो त्या जनुकातील फरकच चिन्हक म्हणून वापरणे.

अभ्यासातून काय निष्पन्न झाले?

इ. स. २००० मध्ये जपानी संशोधकांनी दमिश्की गुलाबाची वंशावळ जनुकीय पद्धतीने तपासली. हा गुलाब एका जातीचा नसून रोझा मोस्काटा, रोझा गॅलिका व मध्य आशियातील रोझा फेडशेंकोआना या तीन जातींच्या संकरातून झाला आहे, असे त्यांना आढळले. इ. स. २००४ मध्ये तुर्कस्तानातील तेलगुलाबांच्या झुडपांचे जनुकीय ओळखपत्र एकच निघाले. इ. स. २००५ मध्ये बल्गेरियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बल्गेरिया, इराण व भारत या देशांतील तेलगुलाब आणि युरोपातील ‘यॉर्क अँड लँकेस्टर’ हा जुना उद्यानगुलाब यांची मायक्रोसॅटेलाइट ओळख एकसारखी आढळली. इ. स. २००७ मध्ये इराणमधील ४० नमुन्यांत मात्र ९ वेगवेगळे जनुकप्रकार मिळाले, आणि तेथील इस्फहान प्रांतातील नमुने बल्गेरियाच्या तेलगुलाबाशी जुळले.

याचा अर्थ असा की जगातील गुलाबतेलाचा व्यवसाय बव्हंशी एकाच झुडपाच्या कलमांवर उभा आहे. कलमे व मुनवे यांनी ते शतकानुशतके देशोदेशी पसरले. याचा लाभ म्हणजे तेलाच्या गुणातील सातत्य. धोका असा की एखादा रोग त्या एका जनुकप्रकाराला अनुकूल ठरला, तर सर्वत्र हानी होऊ शकते. शिवाय एकसारख्या झुडपांतून निवड करून नवीन गुण मिळत नाहीत. सुधारणा हवी तर संकर करावा लागतो आणि त्यासाठी इराणसारख्या वैविध्यपूर्ण भागातील वाण व अन्य जातींचे गुलाब यांची गरज पडते.

संकरात चिन्हकांचा उपयोग

गुलाबाचा संकर हे चिकाटीचे काम आहे. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या गुलाबाचे बीजापासून वाढवलेले रोप पहिली दोन-तीन वर्षे फुलतच नाही. त्यानंतर तेल काढून पाहण्याइतकी फुले मिळण्यास आणखी काळ जातो. तोवर शेकडो रोपांना जागा, पाणी व मजुरी पुरवावी लागते. रोप दोन पानांचे असतानाच त्याची परीक्षा झाली, तर निरुपयोगी रोपे तेव्हाच काढून टाकता येतात. चिन्हकांमुळे हा काळ व खर्च वाचतो.

भारतातील उदाहरण हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथील हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेचे आहे. दमिश्की गुलाब तेलाने श्रेष्ठ, परंतु वर्षातून एकदाच फुलणारा. उलट रोझा बोर्बोनियाना, ज्यास आपल्याकडे एडवर्ड गुलाब म्हणतात, तो वर्षातून अनेकदा फुलतो, पण तेलात कमी पडतो. संस्थेने या दोहोंचे संकर केले आणि आलेल्या रोपांपैकी खरी संकरित रोपे कोणती, हे जनुकीय चिन्हकांनी निश्चित केले. याच संस्थेची ज्वाला व हिमरोज ही, तर सिमॅपची नूरजहाँ व रानीसाहिबा ही वाणे प्रसिद्ध आहेत.

प्रत्यक्ष जनुकांपर्यंतही संशोधन पोहोचले आहे. वारंवार फुलण्याचा गुण ‘केएसएन’ या जनुकातील बदलामुळे येतो, हे इ. स. २०१२ मध्ये दाखवण्यात आले. इ. स. २०१५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी गुलाबाच्या पाकळीत जिरॅनिऑल तयार होण्यास ‘नुडएक्स-१’ हे विकर कारणीभूत असल्याचे सिद्ध केले. तोपर्यंत ही निर्मिती इतर सुगंधी वनस्पतींप्रमाणेच होत असावी असा समज होता. गुलाबाचा मार्ग निराळाच निघाला. इ. स. २०१८ मध्ये चिनी गुलाबाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यामुळे पुढील शोधास पक्का नकाशा मिळाला आहे.

तंत्राच्या मर्यादा

नवीन तंत्राविषयी अवाजवी अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. दमिश्की गुलाबात गुणसूत्रांचे चार संच असतात. वारंवार फुलण्यासारखा अप्रकट राहणारा गुण प्रत्यक्ष दिसण्यासाठी चारही संचांत तो बदल यावा लागतो. म्हणून पहिल्याच पिढीत सर्व इष्ट गुण एकत्र येत नाहीत. तेलाचे एकूण प्रमाण हा गुणही अनेक जनुकांवर आणि भूमी, ऋतू, थंडी, तोडणीची वेळ यांवर अवलंबून आहे. पहाटे तोडलेल्या फुलांपेक्षा दुपारच्या फुलांत तेल कमी मिळते. हे कोणतेही चिन्हक सांगू शकत नाही. भूमी, काल व संग्रहविधी यांवर आपल्या आचार्यांनी दिलेला भर येथे आठवावा.

दुसरी मर्यादा अशी की ओळख सारखी निघाली म्हणून सर्व गुण सारखेच असतील असे नाही. वर उल्लेखिलेल्या ‘यॉर्क अँड लँकेस्टर’च्या फुलांत पांढरा व गुलाबी असे दोन्ही रंग दिसतात. तेलगुलाब सरसकट गुलाबी असतो. तरी तपासलेल्या जागांवर दोघांची ओळख एकच निघाली. छोटे बदल या जाळ्यातून निसटू शकतात.

औषधी निर्मात्यांच्या दृष्टीने तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. ऊर्ध्वपातित तेलात जनुकीय तपासणीस पुरेसा डीएनए येत नाही. म्हणजे चिन्हक झुडूप ओळखते, बाटली ओळखत नाही. बाटलीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. रोशाची भेसळ तर त्याहून सूक्ष्म रीतीने पकडता येते. गुलाब आणि रोशा गवत हवेतील कार्बन निरनिराळ्या पद्धतीने ग्रहण करतात. त्यामुळे दोघांच्या जिरॅनिऑलमधील कार्बनच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण वेगळे असते. रेणू एकच असला तरी तो गवतातून आला की गुलाबातून, हे त्या प्रमाणावरून कळते. इ. स. २०१३ मध्ये या पद्धतीने गुलाबतेलातील रोशाची भेसळ उघड करण्यात आली.

उत्तम तेलगुलाब हाच उत्तम औषधी गुलाब काय?

आतापर्यंतची सर्व निवड तेलासाठी झाली आहे. तेलाची प्रत सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल इत्यादी घटकांवर ठरते. परंतु गुलाबाच्या ताज्या गंधातील फिनाइल एथिल अल्कोहोल हा मोठा घटक पाण्यात विरघळणारा असल्यामुळे ऊर्ध्वपातनात तो तेलात अल्प येतो आणि गुलाबजलात अधिक राहतो. गुलकंदात तर तेलाबरोबरच पाकळीतील कषाय द्रव्ये, रंगद्रव्ये व तंतू हे सर्व येतात. मग अत्तर कारखान्यासाठी निवडलेले वाण गुलकंदासाठी वा पिष्टीच्या भावनेसाठी श्रेष्ठ ठरेलच असे कसे म्हणावे? सिमॅपने रानीसाहिबा हे वाण गुलाबजलासाठी उपयुक्त म्हणून पुढे आणले, यावरून शास्त्रज्ञांनाही हा भेद मान्य असल्याचे दिसते.

चिन्हक हे आज्ञाधारक साधन आहे. जो गुण शोधावयास सांगाल तोच ते शोधते. सुगंध उद्योगाने आपली मागणी स्पष्ट शब्दांत मांडली, म्हणून त्याला हवे ते संशोधन झाले. आयुर्वेदाने ‘शतपत्री म्हणून आम्हाला अमुक ओळखीचा, अमुक काळी तोडलेला, अमुक घटकांचा गुलाब हवा’ असे अद्याप ठामपणे सांगितलेले नाही. ही उणीव वैद्यांनीच भरून काढावयाची आहे. संशोधक आपल्यासाठी ती भरून काढणार नाहीत.

आपल्या भागात लागवड करावी काय?

दमिश्की गुलाबाला हिवाळ्यात चांगली थंडी लागते आणि बहर साधारणतः महिनाभराचाच असतो. वर्धा जिल्ह्यात हिवाळा सौम्य असतो आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी तीन ते चार टन फुले धरली, तरी तेल हेक्टरी एक किलोच्या आसपासच हाती येईल. तेही ऊर्ध्वपातनाची सोय शेतापासून काही तासांच्या अंतरात असेल तर. म्हणून तेलासाठी मोठी लागवड करण्याचा सल्ला तूर्त देता येत नाही. आधी दहा-वीस झुडपे लावून दोन-तीन बहर पाहावेत. ‘तेलाचा गुलाब’ म्हणून रोपे विकणाऱ्यास वाणाचे नाव, मूळ संस्था व लेखी पावती अवश्य मागावी. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार नोंदणीकृत वाणाची लागवड सामग्री विकताना अपेक्षित उत्पादन सांगणे पैदासकारास बंधनकारक आहे आणि ते न आल्यास शेतकऱ्यास भरपाईचा दावा करता येतो. पावती नसेल तर हा हक्क कागदावरच राहतो.

गुलकंद व गुलाबजलासाठी मात्र अनेकदा फुलणारा सुगंधी देशी गुलाब थोड्या क्षेत्रात, कीटकनाशकाविना वाढवणे शक्य आहे. मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने घाणीच्या शुद्ध तेलाचा आग्रह धरला, तो याच परिसरात. माल कोठून आला आणि कसा झाला हे गिऱ्हाइकाला सांगता यावे, हीच त्या आग्रहाची बैठक होती. गुलाबाच्या पाकळीलाही तीच कसोटी लावावी.

वैद्य व औषधी निर्मात्यांनी लक्षात ठेवावयाच्या बाबी

१. पाकळ्या खरेदी करताना गुलाबाची जात, वाण, लागवडीचे गाव व तोडणीचा महिना यांची नोंद ठेवावी. ‘गुलाब पाकळी’ एवढीच नोंद पुरेशी नाही.

२. नियमित पुरवठादार असल्यास त्याच्या मळ्यातील झुडपाची एकदा वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख करून घ्यावी. शंका असल्यास ताज्या पानांची जनुकीय तपासणी करता येते. कलमाने वाढवलेल्या मळ्यास ती वारंवार लागत नाही.

३. गुलाबतेल व गुलाबजल घेताना प्रत्येक घाण्याचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा. कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रासारख्या शासकीय संस्थांत अशी तपासणी होते.

४. पिष्टीच्या भावनेसाठी कृत्रिम गंध मिसळलेले पाणी वापरू नये. भावनाद्रव्य हा औषधाचा घटक आहे. त्याचा उपयोग केवळ सुवासापुरता नाही.

५. गुलकंदासाठी शोभेच्या गुलाबांच्या उरलेल्या पाकळ्या टाळाव्यात.

६. शतपत्रीच्या निश्चितीचा प्रश्न शाखांच्या सभांत मांडावा. तीन-चार निर्मात्यांनी आपापल्या पाकळ्यांचे व पानांचे नमुने एकत्र करून एखाद्या महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागामार्फत तपासून घेतले, तरी आपल्या भागात गुलाब म्हणून प्रत्यक्षात काय विकले जाते, याचे पहिले चित्र हाती येईल. पुढील मागणी त्या चित्राच्या आधारेच करता येईल.